चुलीचा वैल

रविवार, रात्री

काल नातीला झोपवताना चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगत होते. शेणाचे घर पावसात वाहून गेलेला कावळा दारात कुडकुडतो आणि चिमणी 'थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे' म्हणत त्याला ताटकळत ठेवते, इथपर्यंत सारे सुरळीत झाले. माझ्या आजीच्या गोष्टीत पुढे चिमणी त्याला चुलीच्या वैलावर बसायला सांगते आणि तो भाजून मरतो. मी मात्र हल्लीच्या सावधपणाने त्याला नुसते उबेला बसवले. नातीने लगेच हटकले, "बाबा सांगतो तेव्हा चटका बसतो." मग चटका दिला. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "पण आजी, बस म्हणून तिनेच सांगितलं ना? मग फसवलं की त्याला!" कावळ्याच्या मरणाचे तिला फारसे काही वाटले नाही, खुपले ते खोटे आदरातिथ्य.

ते मनात घोळत राहिल्यामुळे आज ग्रिम बंधूंच्या कथा पुन्हा चाळल्या. खाटीक-खाटीक खेळताना एक मूल दुसऱ्याचा गळा चिरते, ही त्यांच्या १८१२च्या पहिल्या आवृत्तीतली कथा १८१९च्या दुसऱ्या आवृत्तीत गाळली गेली. मात्र सिंड्रेलाच्या सावत्र बहिणींचे डोळे कबुतरे फोडतात, हा शेवट त्याच दुसऱ्या आवृत्तीत नव्याने आला. हिमगौरीच्या जिवावर उठलेली सख्खी आईही तेव्हाच सावत्र झाली. (सावत्र आयांवर केवढा हा अन्याय!) म्हणजे रक्त कमी झाले असे नव्हेच, निष्कारण सांडलेले गेले आणि शिक्षेचे आले.

मला हा हिशेब अर्धाच पटतो. पंचतंत्रातला खेकडा बगळ्याची मान तोडतो तेव्हा एकाही मुलाने मला त्याचे कारण विचारलेले नाही, कारण खडकावरचा माशांच्या काट्यांचा ढीग त्यांनी आधीच पाहिलेला असतो. पण तिथे मान तुटते आणि गोष्ट पुढे सरकते. डोळे फोडण्याचे तसे नाही. लग्नाला जाताना एक आणि परतताना दुसरा, अशी ती शिक्षा चवीने, दोन हप्त्यांत दिलेली आहे. अशी चव घेणे मला मुलांसमोर नको वाटते. नुसत्या मरणाला माझी हरकत नाही.

उद्या पुन्हा तीच गोष्ट हवी, असे फर्मान निघालेच आहे. कावळा वैलावर बसणारच. त्याआधी तो चिमणीची खीर चोरून खाईल की तिची अंडी, एवढे मात्र अजून ठरायचे आहे.