चिंगीची गोधडी: उरलेल्या तुकड्यांचं काम कुठवर आलं

मोठ्या गोधडीतून उरलेल्या तुकड्यांची आमच्या मांजरीसाठी, चिंगीसाठी, वीस बाय वीस इंचांची गोधडी शिवायला घेतली आहे. बाहेरून आत येत आता मधला वीतभर चौकोन उरलाय.

खाली मांजरपाट, मध्ये आईच्या जुन्या सुती लुगड्याचे तीन थर आणि वर तुकडे. कापूस आणि फोम मुद्दाम टाळले. झोपण्याआधी चिंगी पुढच्या पंजांनी बराच वेळ कापड मळत बसते; नख आत गेलं की कापूस बाहेर आलाच. शिवाय धुतल्यावर त्याचे गोळे होतात आणि पावसाळ्यात तो आतून लवकर वाळत नाही. लुगडं वाळतंही आणि धुण्यागणिक मऊही होतं.

तुकडे आधी एकमेकांना जोडून घेतले नाहीत. कर्नाटकातल्या यल्लापूर-हल्याळकडच्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका कौंदी, म्हणजे त्यांची तुकड्यांची गोधडी, शिवतात तसं कोपऱ्यापासून सुरू केलं: तुकडा ठेवायचा, कडा आत दुमडायची, धावदोरा घालत पुढे जायचं, वाटेत पुढचा तुकडा लावायचा. वाकडेतिकडे, चार बोटांचे तुकडेही यात खपतात. उरलेल्या कापडासाठी याहून चांगली पद्धत मला माहीत नाही.

कोणते तुकडे घ्यायचे यावर मात्र बराच वेळ गेला. हकोबा बाजूला काढलं, कारण त्याच्या भोकांत नख अडकतं. खणाचे तुकडे दिसायला सुंदर, पण कापलेल्या कडेचे धागे सुटत राहतात, म्हणून तेही नाहीत. जर, टिकल्या, आरसे, लेस यांचा तर प्रश्नच नाही. उरलं ते साधं सुती: जुन्या चादरी, छापील मलमल, शर्टांच्या चौकड्या. रंगसंगती निळी-करडी झाली आहे आणि मला ती फार आवडते.

दोऱ्याबद्दल मी इतकी कडक का, तेही सांगते. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात. तोंडात गेलेला दोरा त्याला सहज थुंकता येत नाही, तो गिळलाच जातो. त्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकलं आणि उरलेला दोरा पुढे सरकला, की नाडी ओढल्यावर लेंग्याला पडतात तशा आतड्याला चुण्या पडतात. मग बहुतेक वेळा शस्त्रक्रियाच करावी लागते. म्हणून एरवी अर्धा इंच चालणारा टाका इथे पाव इंचाच्या आत ठेवलाय आणि दोन ओळींत जेमतेम अर्ध्या इंचाचं अंतर. गाठ थरांच्या मध्ये लपवते. दोरा संपताना दोन उलटे टाके घालून सुई थरांतून लांबवर नेते आणि मगच कापते, म्हणजे टोक आत राहतं. हात भरून येतो, पण कापड असं घट्ट बसतं की हात फिरवला तरी कुठे काही बोटाला लागत नाही.

तुकड्यांच्या पेटीत डांबरगोळ्या असतात. त्या मांजराला विषारी. म्हणून सगळं कापड आधी गरम पाण्यात साध्या साबणाने धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात टाकलं. पुढेही ही गोधडी फिनेलच्या जवळ जाणार नाही. फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत, आणि अंगाला लागलेलं सगळं मांजर चाटतंच.

सिद्दी कौंदीच्या कोपऱ्यांवर घडीच्या त्रिकोणांची फुलं असतात. ती हवीतच असं मन म्हणत होतं, म्हणून लावली, पण टोकं मोकळी न सोडता तिन्ही बाजूंनी टाके घालून घेतली. चिंगी तिथेच चावायला लागली, तर फुलं उसवून काढीन.

आता मधला चौकोन, मग एकदा उलटसुलट करून सुटलेली टोकं बघणं आणि एक धुणं. बदलायला दुसरी हवीच, तिच्यासाठी चादरीचे तुकडे वेगळे ठेवले आहेत.