चिंक्वे तेर्रेला जाताय? व्होलास्त्रावरून चाला

इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावर मोंतेरोस्सो, व्हेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे ही पाच गावं ओळीनं वसली आहेत, तेच चिंक्वे तेर्रे. एका गावातून दुसऱ्यात जायला ट्रेनला जेमतेम पाच मिनिटं लागतात, म्हणून बहुतेक पर्यटक उतरतात, फोटो काढतात आणि पुढची गाडी पकडतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की एक टप्पा तरी पायी करा. एकच जमणार असेल तर कोर्निल्या ते मानारोला, तोही डोंगरावरच्या व्होलास्त्रा गावावरून.

आम्ही सप्टेंबरात गेलो, ऐन द्राक्षतोडणीत. कोर्निल्या कड्यावर आहे, स्टेशनपासून वर जायलाच पावणेचारशेच्या वर पायऱ्या. तिथं छोटी बस असते, ती घ्या आणि पाय पुढच्या चढासाठी राखून ठेवा. गावामागून रानातली चढण सुरू होते आणि चांगलीच दमवते. ती संपली की वाट द्राक्षमळ्यांतून जवळजवळ सपाट जाते. एका अंगाला वेली, दुसऱ्या अंगाला थेट खाली निळाशार समुद्र.

खरं बघण्यासारखे आहेत ते उतारावरचे मळे धरून ठेवणारे तिथले बांध. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. अगदी आपल्या कोकणातला गडगा. पावसाचं पाणी फटींतून निघून जातं म्हणून तो टिकतो. पण राखायला माणूस लागतो. जिथं शेती सुटली, तिथं बांध ढासळलेले दिसतात आणि खालची गावंही धोक्यात येतात. युनेस्कोनं १९९७ मध्ये या भूभागाला जागतिक वारसा ठरवलं, तो गावांइतकाच या बांधांमुळेही. मध्येच उभ्या उतारावर एकच रूळ दिसला, त्यावरून लहानशी गाडी द्राक्षांचे क्रेट ओढत चालली होती. आम्ही बराच वेळ बघत उभे राहिलो.

व्होलास्त्राहून मानारोलाला उतरताना दगडी पायऱ्या गुडघ्यांची परीक्षा घेतात. गुडघे दुखत असतील तर मानारोलाहून बसनं व्होलास्त्रा गाठा आणि उलट कोर्निल्याकडे चाला. रमतगमत तीन तास धरा. लाल-पांढऱ्या खुणा बघत जायचं, चुकायला होत नाही.

चपला घालून या वाटांवर जाऊ नका, दंड होतो. व्होलास्त्राच्या वाटेला तिकीट नाही. मोंतेरोस्सो–व्हेर्नात्सा–कोर्निल्या या खालच्या वाटेला मात्र हंगामात पैसे भरून घ्यायचं कार्ड लागतं. मानारोला–रिओमाज्जोरेमधली ‘व्हिया देल्लामोरे’ ही वाट २०१२ च्या दरडीनंतर बंद होती, ती २०२४ मध्ये उघडली. तिचं वेळेचं बुकिंग आधीच करा. राहायला जवळचं ला स्पेत्सिया किंवा लेव्हांतो शहर स्वस्त पडतं.

शाकाहारींनी ‘फारिनाता’ जरूर मागावी: बेसन, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, भट्टीत भाजलेलं. पेस्तो या तुळशीच्या हिरव्या चटणीत चीज असतं, आणि ते वासराच्या पोटातल्या रेनेटनं बनवलेलं असू शकतं; कडक शाकाहारी असाल तर विचारून घ्या. ऑक्टोबर २०११ च्या पुरानं व्हेर्नात्सा आणि मोंतेरोस्सोची दैना केली होती, त्यामुळे पावसाचा इशारा असला की वाटा बंद करतात. निघण्याआधी चिंक्वे तेर्रे राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावर त्या दिवशीची स्थिती बघूनच बूट घाला.