डाव्या दरवाज्यात पाणी वाजत होतं

गणपती गेले, पाऊस जरा उघडलाय आणि गाडीच्या वॉरंटीला आता जेमतेम वीस दिवस उरलेत, म्हणून हे एकदा सगळं लिहून काढतेय, कारण गेल्या सहा महिन्यांत किमान सात-आठ जणांनी मला विचारलं की गंजाचं काम वॉरंटीत कसं काय करून घेतलंस, आम्हाला तर तोंडावर नाही म्हणाले. मलाही तोंडावर नाहीच म्हणाले होते. तीन वेळा.

गाडी २०२२ च्या दसऱ्याला घेतली, ५ ऑक्टोबरला, इथेच रत्नागिरीत. कंपनीचं नाव घेत नाही. मेटॅलिक ग्रे रंग, किंमत नऊ लाखांच्या आसपास, वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर. माझी शाळा लांज्याला, त्यामुळे रोजचं जाऊन-येऊन ऐंशीच्या वर रनिंग, आणि घर मांडवीच्या बाजूला, म्हणजे खारं वारं घरातसुद्धा येतं, आमच्या खिडक्यांचे गज दर दोन वर्षांनी रंगवावे लागतात. हे आधीच सांगून टाकते कारण पुढचं सगळं भांडण याच गोष्टीवर झालं.

मे २०२४ मध्ये एका रविवारी गाडी धुताना मागच्या डाव्या दरवाज्याच्या अगदी खालच्या कडेला बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. वाकून बघितलं तर चण्याच्या डाळीएवढे चार-पाच फोड एका रांगेत. नखाने जरा दाबलं तर रंगाचा पापुद्रा सुटला आणि आतून तपकिरी पाणी आलं. गाडीला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती आणि हप्ते चालू होते, मला खरंच रडू आलं.

जूनमध्ये सर्व्हिसिंगला दिली तेव्हा सर्व्हिस अॅडव्हायझरला दाखवलं. तो बघून म्हणाला, "मॅडम, समुद्राजवळ असं होतंच, पॉलिश करून देतो." मी बरं म्हटलं आणि घरी आले, आणि नंतर बघते तर जॉब कार्डवर त्या फोडांचा उल्लेखच नाही. तक्रारीच्या रकान्यात नुसतं "जनरल सर्व्हिस". त्यावर माझी सही. म्हणजे कंपनीच्या कागदावर जून २०२४ मध्ये माझी गाडी अगदी ठणठणीत होती. ही एक गोष्ट मला नंतर फार महागात पडली, कारण पुढे ते म्हणायला लागले की तुम्ही आधी कधी तक्रार केलीच नाही. त्यामुळे कुणीही काहीही म्हणो, तुम्ही तोंडी सांगितलेलं वाक्य जॉब कार्डवर तुमच्याच शब्दांत लिहून घेतल्याशिवाय सही करू नका, त्यांनी लिहिलं नाही तर सहीच्या वर पेनाने स्वतः लिहा आणि त्या कागदाचा तिथेच उभं राहून फोटो काढा.

पावसाळाभर ते फोड वाढत गेले. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, त्यात मिरकरवाड्याहून निघणाऱ्या मासळीच्या गाड्या, त्यांचं बर्फाचं खारं पाणी रस्ताभर सांडत जातं आणि मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या पोटाला उडतं. मीठ पत्र्यावर बसलं की ते हवेतली ओल धरून ठेवतं, म्हणजे पाऊस थांबला तरी पत्रा पूर्ण सुकत नाही. आणि लोखंडापेक्षा त्याचा गंज कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून रंगाखाली गंज धरला की रंग फुगतो. फोड दिसतो तेव्हा आतलं काम बरंच आधी सुरू झालेलं असतं.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा सर्व्हिसिंग, पुन्हा तेच उत्तर, फक्त या वेळी "एन्व्हायर्नमेंटल" हा शब्द आला आणि पुस्तिकेतलं पान दाखवण्यात आलं. त्यात लिहिलंय की पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक, खडी उडून गेलेला रंग, मीठ, केमिकल यांनी झालेलं नुकसान वॉरंटीत नाही. मी ते पान दहा वेळा वाचलं. आणि मला एकच गोष्ट कळेना, अजूनही कळत नाही. एमएच ०८ चं पासिंग, रत्नागिरीचा पत्ता, रत्नागिरीतलं शोरूम, गाडी इथेच चालणार हे विकताना शंभर टक्के माहीत होतं. मग समुद्र दोन वर्षांनी अचानक कुठून आला? कोकणात राहणाऱ्या माणसाने गाडीचे पैसे पुण्यातल्या माणसाएवढेच मोजलेत. त्याला निम्मी वॉरंटी देताय तर तसं विकताना सांगा ना.

पण नुसता राग सांगून काम होत नाही हे खरं. काम झालं ते आमच्या इथल्या एका डेंटिंग-पेंटिंगवाल्या चाचांमुळे. मी त्यांच्याकडे गेले होते ते खर्च विचारायला, म्हटलं वॉरंटी गेली खड्ड्यात, स्वतःच करून टाकू. त्यांनी फोडांकडे बघितलंही नाही आधी. दरवाजा उघडला, दोन्ही हातांनी धरून हलवला आणि मला म्हणाले, "ताई, कान लावा." आत पाणी वाजत होतं. डबडब, डबडब, अर्ध्या भरलेल्या कळशीसारखं. मग उजवा दरवाजा हलवला, तो कोरडा.

मला हे माहीतच नव्हतं, बहुतेकांना नसेल, म्हणून नीट सांगते. कुठल्याही गाडीच्या दरवाज्यात पावसाचं पाणी जातंच. काचेला बाहेरून जे रबरी बीडिंग असतं ते पाणी पूर्ण अडवत नाही, काचेवरून ओघळलेलं थोडं पाणी आत उतरतं, आणि ते खालून बाहेर पडावं म्हणून दरवाज्याच्या बुडाला बारीक भोकं ठेवलेली असतात, ड्रेन होल म्हणतात त्यांना. माझ्या डाव्या दरवाज्याची दोन्ही भोकं सीलरने बंद होती. दरवाज्याचा बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडून घट्ट केलेला असतो आणि त्या दुमडीवर फॅक्टरीत सीलर लावतात, तोच सीलर पसरून भोकांवर बसला होता आणि त्यावर कंपनीचाच रंग चढलेला होता. म्हणजे हे फॅक्टरीतलंच. चाचांनी खिशातली बारीक तार घातली तर लालसर पाणी भळाभळा आलं, अंगणात मोठा डाग पडला. दोन पावसाळे ते पाणी त्या दुमडीत साचून होतं. मी त्याचा व्हिडिओ काढला, आधी उजव्या दरवाज्याची उघडी भोकं, मग डाव्याची बुजलेली, मग तार, मग पाणी, एका दमात, कट न करता. त्यातलं एक भोक तसंच बंद ठेवा असं चाचांनीच सांगितलं, इंजिनियरला दाखवायला.

आणि त्यांनी अजून एक गोष्ट सांगितली जी नंतर मी मेलमध्ये जशीच्या तशी वापरली. खाऱ्या वाऱ्याने गंजली असती तर बोनेट गंजला असता, टप गंजला असता, चारही दरवाजे थोडे थोडे गंजले असते. वारा काय एकच दरवाजा बघून येतो?

नोव्हेंबरमध्ये कस्टमर केअरला मेल केला. फोन नाही, मेल. गाडीचा चेसिस नंबर, खरेदीची तारीख, किलोमीटर, दोन्ही सर्व्हिसिंगच्या तारखा, फोटो, व्हिडिओ, आणि शेवटी एकच वाक्य की माझी मागणी दरवाजा बदलून मिळण्याची आहे. डिसेंबरात कंपनीचे इंजिनियर आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा की दरवाजा बाहेर कुठे रंगवलाय का. राग आला, पण प्रश्न चुकीचा नव्हता कारण बाहेर रंगवलेल्या पत्र्याची जबाबदारी कंपनी का घेईल. त्यांच्याकडे रंगाची जाडी मोजायचं मीटर होतं. फॅक्टरीचा रंग सगळे थर मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन असतो, म्हणजे आपल्या केसाच्या दीडपट-दुप्पट फक्त. एकदा पुन्हा रंगवलं की आकडा दोनशेच्या पुढे जातो आणि लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असली तर कितीही जातो. माझा दरवाजा भरला ११२, बाजूचा पुढचा दरवाजा १०८. मी ते आकडे त्यांच्यासमोर वहीत लिहिले आणि त्यांना सांगितलं की हे रिपोर्टमध्येही लिहा.

एवढं होऊनही जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दोन ओळींचा मेल आला, बाह्य वातावरणामुळे, सबब अमान्य. भोकांचा शब्दही नाही त्यात!

मग मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, तक्रार नोंदवली आणि त्याचा नंबर टाकून कंपनीला शेवटचा मेल केला. त्यात लिहिलं की १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्यामुळे आपण जिथे राहतो तिथल्याच आयोगात केस टाकता येते, कंपनीच्या गावाला जावं लागत नाही, आणि वस्तूची किंमत ५ ते १० लाखांत असेल तर फी २०० रुपये. मुदत मात्र दोन वर्षांची, तेवढं लक्षात ठेवा. माझ्या एका सहकारी शिक्षिकेच्या यजमानांनी, ते वकील आहेत, मेल वाचून त्यातली तीन चिडकी वाक्यं काढायला लावली. बरं झालं. फेब्रुवारीत फोन आला की "गुडविल म्हणून" दरवाज्याचं काम मंजूर केलंय. गुडविल हा शब्द मला पटलेला नाही, हक्काच्या गोष्टीला मेहेरबानी म्हणू नये, तसं मी लेखी कळवलंसुद्धा.

पण लढाई तिथे संपली नाही. बॉडीशॉपचं म्हणणं होतं की खालची कड घासून, लांबी मारून, रंगवून देतो. चाचा म्हणाले बिलकुल ऐकू नका, गंज दुमडीच्या आत आहे, बाहेरून कितीही घासा तो दोन पावसाळ्यांत परत वर येणार. आणि यात तथ्य आहे. फॅक्टरीत अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या जोरावर पहिला थर बसवतात, तो दुमडीत, कोपऱ्यात, सगळीकडे पोचतो आणि मग १६०-१८० डिग्रीला भाजतात. बॉडीशॉपच्या बूथमध्ये ६० डिग्रीच्या आसपास काम चालतं, कारण तोवर गाडीत वायरिंग, प्लास्टिक, सीट सगळं बसलेलं असतं. पत्रा एकदा घासून उघडा केला की तो पहिला थर परत मिळत नाही. नवीन दरवाजा मात्र तो थर घेऊनच येतो. म्हणून मी अडून बसले, नवीनच दरवाजा हवा.

मार्चमध्ये झालं काम. इथे पेंट बूथ नाही, म्हणून गाडी आंबा घाटातून कोल्हापूरला नेऊन दिली, १३० किलोमीटर, आठ दिवस गाडी तिकडे आणि मी एसटीने लांज्याला. रंग लावायच्या आधी मला फोटो पाठवा असं सांगून ठेवलं होतं आणि तिथल्या फोरमनने खरंच पाठवले, भोकं उघडी, दुमडीत आतून मेण मारलेलं. त्या माणसाचे मनापासून आभार. मेटॅलिक रंग नुसता एका दरवाज्याला लावला तर शेजारी वेगळा दिसतो, म्हणून त्यांनी पुढच्या दरवाज्यावर आणि मागच्या पॅनलवर रंग मिसळत नेला. उन्हात तिरकं बघितलं तर मला किंचित फरक दिसतो, दुसऱ्या कुणाला दिसत नाही. जुना दरवाजा मागितला होता, दिला नाही, वॉरंटीत बदललेला पार्ट कंपनीचा होतो म्हणाले.

डिकीवरही एक डाग होता, नंबर प्लेटच्या वर. ते काम त्यांनी नाकारलं आणि ते बरोबर होतं, कारण तिथे मी बाहेरच्या दुकानातून क्रोमची पट्टी लावून घेतली होती आणि त्या पोराने दोन स्क्रू थेट पत्र्यात मारले होते. त्याचे साडेचार हजार मी चाचांना दिले. नव्या गाडीला भोक पाडून काही लावू नका एवढंच सांगेन, आणि अॅक्सेसरीवाला डबल टेपने लावतो म्हणाला तरी समोर उभं राहा.

आता राहिला प्रश्न ४ ऑक्टोबरचा, त्या दिवशी वॉरंटी संपते. नवीन दरवाज्याला वेगळी वॉरंटी नाही, मूळ वॉरंटी संपली की त्याचीही संपली, आणि एक्स्टेंडेड वॉरंटी मी घेतलीय पण त्यात रंग आणि पत्रा धरत नाहीत, हे पैसे भरायच्या आधी विचारलं म्हणून कळलं. त्यामुळे गुरुवारी सकाळी साडेनऊची अपॉइंटमेंट घेतलीय, चारही दरवाज्यांच्या कडा, चाकांच्या आतल्या बाजू आणि डिकीचं बूड, सगळं लिफ्टवर चढवून बघायचं आणि जॉब कार्डवर लिहून घ्यायचं. चाचा म्हणालेत मी पण येतो, चारही दरवाजे एकदा हलवून बघू.