अठरा क्विंटल कापूस आणि दहा मेणबत्त्या

हिंगणघाटला माझं डेकोरेशनचं काम आहे. बारसं, डोहाळजेवण, हळद, वाढदिवस. २०२४च्या दिवाळीआधी शिकागोहून फोन आला तेव्हा मी एका कमानीला फुगे बांधत होते, दोरा दातात. पलीकडचा म्हणाला, "ताई, गावच्या घराला फॉलचं फील द्यायचंय." मला साडीचा फॉल कळतो. दोन मिनिटं आम्ही वेगवेगळ्या फॉलबद्दल बोलत होतो. त्याचा फॉल म्हणजे तिकडची पानगळ.

मग त्याने व्हॉट्सअॅपवर चौदा फोटो टाकले. पायऱ्यांवर भोपळे, दाराला लालपिवळ्या पानांचं तोरण, खुर्चीवर लोकरीची चादर, खिडकीत मेणबत्त्या. घरात दालचिनीचा वास हवा, असंही खाली लिहिलेलं. त्याची मुलगी सहा वर्षांची, आजी-आजोबांकडे पहिल्यांदाच दिवाळीला येणार होती. पण ३१ ऑक्टोबरला तिकडे हॅलोविन असतो आणि तो यंदा बुडणार म्हणून ती रुसली होती. बापाने कबूल केलं होतं, की आजीच्या घरीही फॉल असेल. काम विचित्र होतं, पण कारण पटलं. अॅडव्हान्सही वेळेवर आला.

आता आपल्याकडे ऑक्टोबरात कसली पानगळ? तिकडे दिवस लहान झाला, रात्री गार पडल्या, की मेपल पानातला हिरवा रंग मोडून टाकतो आणि लाल पुढे येतो. आपला साग, आपला पळस उघडे पडतात ते पाणी संपत आल्यावर, फेब्रुवारी-मार्चात. ऑक्टोबरात जंगल हिरवंगार असतं आणि माणूस घामाघूम. तेव्हा नागपूरला इतवारीत जाऊन मेपलच्या पानांच्या कापडी माळा आणल्या. तीस मेणबत्त्याही तिथूनच.

वसुबारसेच्या सकाळी मी आणि माझ्यासोबतचा पोरगा ऑटोत सामान घालून गावात पोचलो. घर जुनं, कवेलूचं. पुढे ओसरीसारखी लांब छपरी, छपरीत बंगई म्हणजे झोपाळा, बंगईच्या मागे खोलीचं दार. दार उघडं होतं आणि खोलीत खिडकीच्या उंचीपर्यंत कापूस.

"अठरा क्विंटल हाये," पोरीचे आजोबा, आबाजी म्हणाले. "पयली वेचणी."

हमीभाव त्या वर्षी लांब धाग्याला ७,५२१ रुपये होता, पण तो पूर्ण मिळायला कापसात ओल ८ टक्क्यांच्या आत लागते, १२च्या वर गेली तर कापूस हमीभावाने घेतच नाहीत. परतीच्या पावसाने कापूस भिजला होता. व्यापारी ओलीचं कारण काढून भाव पाडत होते. म्हणून आबाजींनी तो खोलीत पसरला होता, रोज वरखाली करायचे. छपरीभर त्याचा पिंजारा, म्हणजे सुटे तंतू, उडालेला. बंगईच्या साखळीत, कोनाड्यातल्या भुलाबाईच्या डोक्यावर, सगळीकडे. कोजागिरी होऊन गेली तरी नातीला दाखवायची म्हणून आजींनी भुलाबाई-भुलोबाच्या मूर्ती ठेवून दिल्या होत्या.

पहिली अडचण भिंतीची. चुन्यात नीळ टाकून काढलेली भिंत. तिच्यासमोर नारिंगी पान धरलं की ते वाळल्यासारखं नाही, मेल्यासारखं दिसतं. पिवळा दिवा लावला की भिंत हिरवट होते. फोटोतला उबदारपणा म्हणतात तो निम्मा भिंतीच्या रंगाचा असतो, हे गिऱ्हाइकाला सांगून कळत नाही. मी आजींना विचारून खालचा कमरेइतका पट्टा गेरूने ओढला. गेरूत थोडा डिंक कालवला, नाहीतर टेकणाऱ्याच्या पाठीला लागतो. पट्टा वाळला आणि छपरी एकदम खाली बसल्यासारखी, जवळची वाटायला लागली. दिवसभरातलं माझं चांगलं काम तेवढंच.

भोपळे विकत आणावे लागले नाहीत. आजींच्या छपरावर सात कोहळी होती, आमच्याकडे लाल भोपळ्याला कोहळं म्हणतात, वेलावरची, एक तर पोट्ट्याला उचलेना. पायऱ्यांवर मांडली. जागा उरली तिथे झेंडू. गोधडी पेटीतून काढली, जुन्या लुगड्यांची, ती बंगईवर टाकली.

"काय करून रायली वं बाई," आजी म्हणाल्या, "झाडाचा कचरा घरात टांगते?"

मी सांगितलं, अमेरिकेत या दिवसांत असंच असते. आबाजी कापूस चाळवता चाळवता हसले. "त मंग हा बी टांग. हाबी अमेरिकनच व्हय. आपला देशी गेला कवाचाच."

खरंच आहे. शेतात आता असतो तो बहुतेक सगळा अमेरिकन जातीचा कापूस. कोहळंही मूळ तिकडचंच आणि झेंडू मेक्सिकोचा. माळा सोडल्या तर त्या छपरीत मला काही परकं आणावं लागलं नव्हतं, आणि माळा इतवारीच्या होत्या.

दुपारी लाइट गेली. साडेचार होत आले, म्हणजे शिकागोत सकाळचे सहा. त्याच दिवशी त्यांचं विमान होतं आणि निघण्याआधी पोरीला एक फोटो दाखवायचा होता. त्याचा मेसेज आला : मेणबत्त्या लावून पाठवा ना.

मी पोराला दहा लावायला सांगितल्या. काही पायऱ्यांवर, काही बंगईच्या मागे, जमिनीवर ओळीने. जमिनीवर पिंजारा होता. तो मला दिसत होता. झाडून घ्यावं असं मनात आलंही, पण उजेड उतरत होता आणि फोटो त्याच उजेडात चांगला येणार होता. दुसऱ्याचं नाव घ्यायला इथे जागा नाही. पोरगं सांगितलं तेवढंच करत होतं.

मी मोबाईल धरून मागे सरकले आणि लाइट आली. छपरीतला पंखा सकाळपासून चालूच होता, लाइट गेली तसा बंद पडलेला. बटण कोणी दाबलं नव्हतं. तो फिरायला लागला.

पिंजारा उठला. एक बोंडाएवढा पुंजका ज्योतीवर गेला आणि जमिनीवर आग पळाली. भडका नव्हता. बोटभर उंच, निळसर, अगदी शांत. साप जावा तशी ती पिंजाऱ्यावरून खोलीच्या उंबरठ्याकडे गेली. मी ओरडले का, आठवत नाही. मोबाईल हातातच होता. नंतर पाहिलं तर त्यात एक फोटो निघाला होता, फार सुंदर.

आजी अंगणात सारवत होत्या, गायवासराच्या पूजेसाठी. शेणकाल्याची बादली त्यांच्या हातात होती. त्या पायऱ्या कशा चढल्या मला कळलं नाही. सत्तरीच्या बाईने ती अख्खी बादली उंबरठ्यावर आणि ढिगाच्या तोंडावर ओतली. मग पोरगं भानावर आलं, त्याने बंगईवरची गोधडी ओढून उरलेल्यावर दाबली. मी पंखा बंद केला. माझा वाटा एवढाच.

सगळं मिळून अर्धा मिनिट झालं असेल. गेरूवर शेणाचे ओघळ, मेपलच्या माळांना शेण, भुलोबाच्या तोंडावर शेण. मला वाटलं संपलं.

आबाजी म्हणाले, "आत असन."

कापसाची आग वरून विझते आणि आत धुमसत राहते. धूर येत नाही, जाळ दिसत नाही. मध्यरात्री एकदम ढीग पेटतो. आबाजींनी सदरा काढला आणि ढिगाच्या पुढच्या भागात हात घातला, खांद्यापर्यंत. डोळे मिटलेले. नाडी पाहतात तसा हात आत धरून ठेवायचा, काढायचा, वीतभर सरकवून पुन्हा घालायचा. तिसऱ्या की चौथ्या जागी ते थांबले. "इथी." तिथला कापूस आम्ही टोपल्यांनी काढून अंगणात नेला. उकरला तर आत मुठीएवढा काळा गोळा, कडेने लाल.

दहा-बारा किलो जळला. शेणकाल्याने पिवळा पडला तो वेगळा, तो आता कवडीत जाणार. मी म्हटलं, माझ्या पैशातून कापा. आबाजी "पाहू" म्हणाले. नाही म्हणाले नाहीत, ते मला बरं वाटलं. नंतर कापलेही.

शिकागोला मी फोन लावला. तो टॅक्सीत होता. काय झालं ते सगळं सांगितलं, माझी चूक म्हणूनच सांगितलं. बराच वेळ मागचे गाडीचे आवाज ऐकू येत होते. मग त्याने विचारलं, "आई कुठंय?" मी फोन आजींना दिला. आजी म्हणाल्या, "मले काय होते? तू ये. पोरीले म्हना, आजीनं दालचिनीचा वास केला हाये," आणि शेणाने भरलेल्या छपरीकडे पाहून एकट्याच हसायला लागल्या.

माळा धुऊन अंगणातल्या दोरीवर टाकल्या. खोलीचं दार लावून घेतलं. उरलेल्या वीस मेणबत्त्या पोराने ऑटोत माझ्या नजरेआड कुठेतरी कोंबल्या. गाय आली, वासरू आलं, आजींनी ओलं लुगडं बदलून पूजा केली. आम्हाला बाजरीची भाकर आणि गवारीची भाजी मिळाली, मी खाल्ली की नाही ते सांगता येणार नाही.

निघायला आठ वाजले तरी माझा पाय उचलेना. आबाजी खोलीत बाजेवर बसले होते, रात्रभर बसणार होते. दर थोड्या वेळाने उठून ढिगात हात घालत होते. मी दारात उभी होते. त्यांनी मागे न पाहताच हात बाहेर काढला, बोटांना चिकटलेला पिंजारा धोतराला पुसला.

"थंड हाये," म्हणाले. "जा आता. रस्त्यानं कुत्रे रायतात."