खंड्या, मोटारसायकली आणि डोंगर

आजचा अख्खा दिवस कॅमेऱ्यासोबत गेला. मन भरून आलंय!

सकाळी पाण्यावर झुकलेल्या फांदीवर खंड्या बसला होता. शटर (फोटो टिपण्याचा वेळ) १/२००० सेकंद, फोकस डोळ्यावर. त्याने सूर मारला आणि वर आला, तेव्हा उडालेला थेंब न् थेंब फोटोत सुटा दिसतोय. चोचीत आडवा मासा, त्याचाही डोळा चमकतोय. जपानच्या ५०० मालिकेतल्या बुलेट ट्रेनचं नाक घडवताना याच चोचीचा आधार घेतला होता, ते उगाच नाही. (घरट्यापाशी मात्र मी कॅमेरा नेत नाही. घाबरून पक्षी घरटं सोडतात.)

दुपारी वळणावर मोटारसायकली. इथे गणित उलटं. शटर वेगवान ठेवला की धावती गाडी उभी असल्यासारखी दिसते. म्हणून १/६० ठेवून गाडीच्या वेगाने कॅमेरा फिरवत राहायचं. बरेच फोटो हलतात, पण एखादा असा साधतो की टाकीवरची अक्षरं स्वच्छ आणि मागची झाडं नुसत्या रेघा. हा आनंद मला पक्ष्यांइतकाच मोठा वाटतो.

संध्याकाळी डोंगर. ट्रायपॉड, एफ/११ (लेन्सचं छिद्र लहान), आयएसओ १०० (प्रकाशाला संवेदनशीलता कमी). सूर्य बुडाला की लगेच सामान आवरू नका, आभाळ त्यानंतरही रंगत जातं.

खंड्याचा फोटो सोबत जोडलाय. मोटारसायकलींचे उद्या टाकते.