तुम्ही विचारलंत म्हणून : कुणाच्या जिवावर?

भारतात आले की हा प्रश्न ठरलेला. जेवणं झालेली असतात, कुणीतरी बडीशेप चघळत विचारतं, "तू म्हणे तिकडे इंग्लंडात, यॉर्कला, त्या क्वेकर पंथाच्या ख्रिस्ती लोकांकडे जातेस. तासभर नुसतं गप्प बसायचं, ना भजन ना प्रवचन. मग त्यातून हे कपडे रफू करणं, पायी फिरणं, पिशव्या धुऊन वाळत घालणं कुठून आलं?" मी काहीतरी गुळमुळीत बोलून विषय बदलते. यंदा मामांनी विचारलं आणि मामांना गुळमुळीत चालत नाही. म्हणून लिहिते.

आधी गप्प बसण्याचं. खुर्च्या चौकोनात मांडलेल्या, मधे टेबल, त्यावर कुणाच्या तरी परसातली फुलं. पाद्री नाही, वाद्य नाही. अगदीच राहवलं नाही तर एखादा उभा राहतो, चार वाक्यं बोलतो आणि बसतो. त्यावर कुणी उत्तर देत नाही, मानसुद्धा डोलवत नाही. कित्येक रविवारी कुणीच बोलत नाही. तासाभराने दोन ज्येष्ठ मंडळी हस्तांदोलन करतात की झालं, मग चहा-बिस्किटं. पहिले सहा महिने मी त्या तासात मुख्यतः दुपारच्या भाजीचा विचार केला, हे कबूल करते. प्रत्येक माणसात देवाचा अंश असतो, हे पंथ सुरू करणाऱ्या, सतराव्या शतकातल्या जॉर्ज फॉक्सचं म्हणणं त्यांनी धरून ठेवलंय. आपल्याला त्यात नवं काय? नवं होतं ते त्याचा हिशेब मांडणं.

तो हिशेब मला कळला जॉन वुलमनमुळे. हाही क्वेकर, अमेरिकेतल्या न्यू जर्सीचा शिंपी, काही काळ दुकानदारही. १७७२ साली तो इंग्लंडला निघाला. जहाजाच्या केबिनवरचं कोरीवकाम त्याला खटकलं. हा निव्वळ डामडौल, त्याचे पैसे आपण का भरा, म्हणून गडी खाली खलाशांच्या दाटीत झोपला. लंडनला उतरल्यावर लोक म्हणाले, घोडागाडीने जा. त्या गाड्या दिवसरात्रीत शंभर मैलांच्या वर पळायच्या. त्यापायी घोडे मरायचे, काही आंधळे होईपर्यंत दामटले जायचे, आणि टपालाची पोरं थंडीच्या रात्री खोगिरावर गारठून मेल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. वुलमन गाडीत बसला नाहीच, वर सगळ्यांना सांगितलं की मला पत्रंही त्या टपालाने पाठवू नका. चालत यॉर्कला आला. इथे त्याला देवी आल्या आणि ऑक्टोबरात तो गेला, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. आमच्याच गावात, बिशपहिलला पुरलंय त्याला.

दुकान चालवताना तो वेस्ट इंडीजची साखरही विकायचा. ती गुलामांच्या श्रमांची, हे पुढे त्याला टोचत राहिलं. हे वाचलं आणि मी थांबलेच, कारण मी कोल्हापूरची. गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडच्या टोळ्या यायच्या, शेताकडेला पाचटाच्या कोप्या उभ्या राहायच्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल फेडायची म्हणून अंधारातच तोड सुरू. माझ्या वयाच्या मुली धाकट्याला कडेवर घेऊन बांधावर बसलेल्या असायच्या. मी रोज तिथूनच शाळेत जायचे आणि घरी येऊन दोन चमचे साखरेचा चहा प्यायचे. त्या मुली आणि तो चमचा यांची सांगड घालायला मला यॉर्कला जावं लागलं.

वुलमन जमिनीबद्दलही हेच म्हणतो: आजच्या थाटामाटासाठी भुई निःसत्त्व करणं म्हणजे पुढच्या पिढीवर अन्याय. म्हणजे घोडा, पोरगा, माती, नातवंडं, सगळ्यांच्या बाबतीत प्रश्न एकच: आपलं हे कुणाच्या जिवावर चाललंय?

ब्रिटनच्या क्वेकरांनी २०११ मध्ये कँटरबरीला ठरवलं की आपण कमी कार्बनवर जगणारा समाज व्हायचं. ठराव छान असतात. आमच्याकडे खरी गाडी अडली ती बॉयलरपाशी. सभेची जागा उबदार ठेवणारा गॅसचा जुना बॉयलर काढून विजेवर चालणारा हीट पंप बसवायचा का? मतदान करत नाहीत हे लोक. सगळ्यांचा सूर जुळेपर्यंत बसायचं. (आमच्या पुण्याच्या सोसायटीत हा प्रयोग करून बघाच.) सगळे पंपाच्या बाजूचे, फक्त एक आजी अडून बसल्या. तिसऱ्या बैठकीत त्या म्हणाल्या, "मी चार वर्षं त्या खिडकीजवळ कुडकुडतेय. फट आधी बुजवा." मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही. सचिवबाईंनी तिथल्या तिथे ठराव लिहून वाचला: आधी खिडक्या, छताचं अस्तर, जाड पडदे, पंप नंतर. सगळे पुटपुटले, "होप सो." म्हणजे मंजूर. पडद्यांची खालची दुमड मी घातली, सव्वीस मीटर.

विमानाचं विचाराल तर तिथे माझी बोलती बंद होते. आता दोन वर्षांनी एकदा येते आणि जास्त दिवस राहते, एवढंच. मी क्वेकर झालेले नाही, नुसती जाऊन बसते.

परवा पुण्यात आईने फोनवरून कोथिंबीर मागवली. दहा मिनिटांच्या आत बेल वाजली. पोरगा तीन मजले पळत चढून आलेला, हेल्मेट डोक्यावरच. मी म्हटलं, बस जरा, पाणी घे. तो म्हणाला, "नको ताई, पुढची ऑर्डर लागलीय," आणि गेलासुद्धा. मी आईला म्हटलं, कोथिंबिरीवाचून आमटी अडली नसती गं.

आई जुडी निवडत म्हणाली, "तुझं आपलं काहीतरीच. ताजी आहे बघ किती."