गळ्याचा रंग वेगळा, चेहऱ्याचा वेगळा

ऑफिसच्या वार्षिक कार्यक्रमाचा फोटो ग्रुपवर आला आणि मी तो बोटांनी मोठा करून पाहिला. गळा माझाच, सावळा. चेहऱ्यावर मात्र कुणी राखेचा हात फिरवल्यासारखं दिसत होतं. तेव्हा मी 46 वर्षांची होते आणि कित्येक वर्षं फाउंडेशनची एकच शेड विकत घेत होते. पहिल्यांदा घेतलं तेव्हा दुकानातली मुलगी म्हणाली होती, "मॅडम, एक शेड वरची घ्या, उजळ दिसाल." मी घेतली. ‘उजळ’ शब्द कानावर पडला की पुढचं काही विचारायचं आपल्याला सुचत नाही. 1975 मध्ये बाजारात आलेल्या आणि घरोघरी पोचलेल्या त्या क्रीमच्या नावातून ‘फेअर’ निघायला 2020 साल उजाडावं लागलं. आमची सगळी पिढी त्या दरम्यान वाढली.

त्याच सुमारास माझं काम बदललं. फायलींवरून उठून मला थेट ग्राहकांसमोर बसायचं होतं. शिवाय डिसेंबरात भावाच्या मुलाचं लग्न. मग धाकट्या बहिणीच्या मुलीला, जिने मेकअपचा रीतसर कोर्स केलाय, एका रविवारी घरी बोलावलं.

तिने आधी माझा चेहरा धुवायला लावला आणि मला गॅलरीत नेलं. "ट्यूबलाइटखाली शेड बघायचीच नाही, मावशी. आणि हातावर तर अजिबात नाही. हात उन्हाने रापलेला असतो." तिने जबड्याच्या कडेला, गाल संपून गळा सुरू होतो तिथे, तीन शेड्सचे तीन पट्टे ओढले आणि म्हणाली, आता चहा कर. काही फाउंडेशन हवा आणि त्वचेचं तेल लागलं की थोड्या वेळाने गडद होतात, म्हणून अर्धा तास थांबायचं. चहा झाल्यावर आरशात पाहिलं तर दोन पट्टे लगेच दिसले. तिसरा मला शोधावा लागला. तो माझा रंग. मी इतकी वर्षं वापरत होते त्याहून दोन शेड गडद.

डोळ्यांत पाणी आलं, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. ते वाईट वाटून होतं की सुटल्यासारखं वाटून, हे मात्र तेव्हा कळलं नाही.

राखेचं कारणही तिने सांगितलं. दोघी सारख्याच सावळ्या असल्या तरी एकीच्या रंगाखाली पिवळसर झाक असते, दुसरीच्या तांबूस, तिसरीच्या किंचित हिरवट. हा अंडरटोन. माझा पिवळसर आणि मी लावत होते ते गुलाबी झाकेचं, तेही फिकट. सावळ्यावर ते करडंच दिसणार. मनगटाच्या शिरा हिरव्या की निळ्या हे बघून अंडरटोन ठरवतात म्हणे. माझ्या मनगटावर काहीच धड कळेना. जबड्यावरच्या पट्ट्याइतकं खरं दुसरं काही नाही असं माझं मत झालंय.

रोजच्या कामाचा मेकअप ठरवायला मात्र दोन-तीन आठवडे गेले, कारण तो लोकलने ठरवला. डोंबिवलीहून सकाळची फास्ट, लेडीज डबा, सव्वा तास. घरून पूर्ण तयार होऊन निघाले की घाटकोपरपर्यंत नाकाच्या कडेला फाउंडेशनचे थर साचायचे. आता घरून फक्त मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन लावून निघते. सनस्क्रीन दोन बोटं भरून, चेहरा आणि गळा दोन्हीला. फाउंडेशन रोज लावतच नाही. मला गालांवर वांग आहे आणि डोळ्यांखाली काळपट. त्यावर आधी नारिंगी करेक्टरचा ठिपका बोटाने थोपटायचा (नारिंगी निळसर काळेपणा मारतो), वर माझ्या शेडचा कन्सीलर, म्हणजे डाग झाकणारं दाट क्रीम, तोही तेवढ्याच जागेवर. उतरल्यावर ऑफिसात आरशासमोर टिश्यूने घाम टिपते, कपाळ आणि नाकावर हलकी पावडर फिरवते, विटकरी लिपस्टिक लावते. फिकट गुलाबी लिपस्टिक मला सोडावी लागली, तिने ओठ निर्जीव दिसतात.

वयाचा हिशेब इथेच आला. पंचविशीत मी चेहराभर पावडर थापायची आणि ती शोभायची. आता हसले की पावडर डोळ्यांच्या कडेच्या रेघांत जाऊन बसते. म्हणून डोळ्यांखाली पावडर बंद आणि गालांना पावडरऐवजी क्रीमचा ब्लश. काजळ वरच्या पापणीच्या मुळाशी, खाली नाही. लेक 17 वर्षांची, तिला मुरमं आहेत. तिच्यासाठी भाचीने सनस्क्रीन आणि लिप बामशिवाय काही सुचवलं नाही आणि झोपायच्या आधी चेहरा धुवायचाच, अशी ताकीद दिली.

लग्नाचा मुहूर्त सकाळी, हॉलला मोठ्या खिडक्या. दिवसाउजेडी जाड थर लगेच दिसतो, म्हणून तेव्हा हलकाच बेस. संध्याकाळच्या रिसेप्शनला ओठ आणि डोळे गडद. आदल्या रात्री खोलीतला दिवा मालवून फोनचा फ्लॅश मारून आम्ही फोटो काढले. पांढरी पावडर आणि काही सनस्क्रीन फ्लॅशमध्ये चेहऱ्याला पांढरफटक करतात. तीन फोटोंत एक पावडर सापडली, ती बाद. नथीचंही शिकले. चापाची नथ फाउंडेशनवरून सरकते, म्हणून नाकपुडीची तेवढी जागा पुसून कोरडी करायची. लिपस्टिक आधी लावायची, टिश्यूवर टिपायची, सुकू द्यायची आणि नथ सगळ्यात शेवटी. नाहीतर मोती लाल होतात.

खरी काळजी आईची होती. ती 74 वर्षांची, नातवाचं लग्न, आणि कपाळाच्या मधोमध पांढरा डाग. पन्नास वर्षं कुंकू आणि टिकली लावली तिथेच. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की टिकलीच्या गोंदात पॅरा-टर्शरी ब्युटाइलफिनॉल नावाचं रसायन असू शकतं आणि काहींच्या त्वचेचा रंग त्याने कायमचा जातो. टिकली बंद. तेव्हापासून आई समारंभाला जाताना पदर डोक्यावरून पुढे ओढून घ्यायची.

डॉक्टरांना विचारून भाचीने एक गडद लाल पेन्सिल आणली. आधी आईच्या कोपराच्या आतल्या बाजूला रेघ ओढून दोन दिवस वाट पाहिली. खाज नाही, लाली नाही. लग्नाच्या सकाळी आईला फक्त मॉइश्चरायझर, गालांवर बोटभर क्रीमचा रंग आणि ओठांवर थोडी डाळिंबी लिपस्टिक लावली. मग भाची तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली, श्वास रोखून, आणि डागावरच बारीक चंद्रकोर काढली.

आईने आरसा जवळ धरला, दूर धरला. मग अंगठ्याचं नख पुढे करून म्हणाली, "जरा मोठी कर गं. माझी एवढी असायची."